पित्ताशयाच्या दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर यकृताला इजा

प्रश्न: खड्यांमुळे माझ्या मोठ्या बहिणीचे पित्ताशय दुर्बिणीतून काढले. घरी आल्यावर तिचे पोट फुगले, ताप आला, डोळे पिवळे झाले. मुख्य पित्तनलिका, म्हणजे यकृतातले पित्त आतड्याकडे नेणारी नळी, कापली गेली असून यकृताच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठाही घटला आहे, असे आता सांगतात. पित्ताशय काढताना इजा यकृतापर्यंत कशी पोहोचते? दुसरी शस्त्रक्रिया लगेच करून घ्यावी का?

प्रतिसाद १: मी शल्यचिकित्सक आहे. सूज आणि चिकटलेल्या ऊतींमुळे मुख्य पित्तनलिका हीच पित्ताशयाची नळी असल्याचा भास होतो आणि तिला क्लिपा लावून ती कापली जाते. असे साधारण हजारात ३ ते ५ रुग्णांत घडते. यकृताच्या उजव्या भागाकडे जाणारी रोहिणी बहुधा या नलिकेच्या अगदी मागून जात असल्याने तिलाही त्याच वेळी इजा होऊ शकते. यकृताला बहुतांश रक्त प्रवेशिका शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून, मिळते, म्हणून रोहिणी बंद झाली तरी यकृत बहुधा तग धरते. पित्तनलिका मात्र मुख्यतः रोहिणीच्याच रक्तावर जगतात, त्यामुळे त्या पुढे आक्रसू शकतात आणि दुरुस्तीसाठी आतड्याशी केलेला त्यांचा जोडही अरुंद होऊ शकतो. प्रवेशिका शीरही दुखावली असेल तर यकृताचा भाग मृत होऊन काढावा लागतो. हे टाळण्यासाठीच, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापू नये, हा नियम १९९५ मध्ये मांडला गेला.

घाई करू नका. पोटात पित्त साचून जंतुसंसर्ग झाला असेल, तर आधी नळी घालून ते बाहेर काढतात, प्रतिजैविके देतात आणि लहान आतड्याचा वेटोळा यकृतातील नलिकेला जोडण्याची शस्त्रक्रिया काही आठवड्यांनी करतात. ती यकृत-पित्तमार्गाच्या तज्ज्ञाकडूनच करून घ्या, कारण पहिला जोड फसला की पुढचा प्रत्येक जोड अधिक अवघड होतो.

प्रतिसाद २: माझ्या पतींना हेच झाले होते. एमआरसीपी (पित्तनलिकांचे एमआरआय चित्रण) आणि रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन या दोन्ही तपासण्यांचे अहवाल व पहिल्या शस्त्रक्रियेची लेखी नोंद आजच मागून घ्या. नव्या डॉक्टरांनी आम्हाला सर्वप्रथम तेच विचारले. पोटात घातलेल्या नळीतून रोज किती पित्त येते आणि त्याचा रंग कसा आहे, हे वहीत लिहून ठेवा.

प्रतिसाद ३: जोडानंतरही वर्षानुवर्षे यकृताच्या रक्ततपासण्या चालू ठेवाव्या लागतात. थंडी वाजून ताप आला आणि लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. जोड अरुंद होऊन पित्त तुंबत राहिले, तर यकृत कायमचे निबर होऊ शकते.