ओव्हरक्लॉक 'स्टेबल' झाला, हे म्हणायचं कधी?

तापलेला_बोका:
प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त पळवला: सगळे कोअर (त्यातले गणित करणारे भाग) ५.० वरून ५.२ गिगाहर्ट्झवर नेले, त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३२ केलं. सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटं फिरवली, दोन दिवस गेम खेळलो, तापमान ८४ च्या वर गेलं नाही. माझ्या मते झालं काम. रात्रभर प्राइम९५ (सतत जड गणितं करायला लावणारी चाचणी) चालवणं हा प्रोसेसरचा निव्वळ छळ आहे, रोजच्या वापरात तेवढा लोड येतोच कुठे? पटत नसेल तर बोला.

चोवीस_तास:
नाही पटत. सिनेबेंच चित्र रंगवतं. त्यातला एखादा ठिपका चुकला तर कोण बघतंय? प्राइम९५ स्वतःचं गणित तपासतं आणि चूक सापडली की ते गणित करणारा वर्कर (चाचणीचा तेवढा भाग) थांबवतं. माझं मशीन एकदाही हँग झालं नव्हतं, तरी महिन्याभराने बॅकअपच्या झिप फाइली उघडेनात. शिवाय हिशोब बघा: वीज वेगाच्या पटीत आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे ४ टक्के वेगासाठी तुम्ही साधारण १६ टक्के जास्त वीज जाळताय.

उलटा_पंखा:
बोक्याचं अर्धं बरोबर आहे. माझा अंडरव्होल्ट (वेग तोच, व्होल्टेज कमी) प्राइम९५ मध्ये चौदा तास टिकला आणि सकाळी नुसता ब्राउझर उघडा असताना मशीन रीस्टार्ट! फुल लोडमध्ये सगळे कोअर खालच्या क्लॉकवर, म्हणजे कमी वेगावर असतात. हलक्या कामात एकच कोअर सर्वात वर उसळी मारतो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. एकेक कोअर वेगळा तपासल्याशिवाय अंडरव्होल्टचं काही खरं नाही.

चोवीस_तास:
मान्य, पण म्हणून फुल लोडची टेस्ट सोडायची नसते. दोन्ही करायच्या. आणि बोकेराव, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद ठेवून तपासलंत का? तोही ओव्हरक्लॉकच असतो. नाहीतर दोष रॅमचा आणि शिव्या प्रोसेसरला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदीही बघा.

तापलेला_बोका:
बघितल्या. इव्हेंट १९, सात वेळा. पण त्यात 'करेक्टेड' लिहिलंय. म्हणजे चूक दुरुस्त झाली ना? मग बिघडलं काय?

चोवीस_तास:
सात पकडल्या गेल्या. न पकडलेल्यांची नोंद कशी होणार?

सेलेरॉनवाला:
मी १९९८ चा माणूस. सेलेरॉन ३००ए, बस ६६ वरून १०० वर, की ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झ. फुकटात दीडपट! त्यासाठी रात्र जागणं परवडायचं. आता बूस्टच्या (प्रोसेसरने स्वतःच वेग वाढवण्याच्या) नावाखाली कंपनीच बरीचशी मलई काढून घेते, तुमच्या वाट्याला ते २०० मेगाहर्ट्झ. एवढ्यासाठी वॉरंटी पणाला लावायची? त्यापेक्षा चांगला कूलर लावा आणि बूस्टला त्याचं काम करू द्या.

तापलेला_बोका:
काका, फायद्यासाठी कोण करतंय, मजा येते म्हणून करतो. ५.१ आणि १.२७ वर आणलंय, एक्सएमपी बंद. आज प्राइम९५ लावतो, पण दोनच तास. रात्रभर नाही म्हणजे नाही.

चोवीस_तास:
तिसऱ्या तासाला काय होतं ते कळवा.