मदत हवी आहे : जंगल 'पूर्ण' झालं असं नेमकं कधी म्हणायचं?

परिसंस्थांचं अनुक्रमण, म्हणजे एकाच जागी एकामागून एक वेगळ्या वनस्पती येत जाणं, वाचतोय आणि अडकलोय. साखळी सगळ्यांनाच पाठ असेल: उघडा खडक, त्यावर दगडफूल, मग मॉस, गवत, झुडपं, झाडं आणि शेवटी चरम समुदाय, म्हणजे पुढे न बदलणारं पक्कं जंगल. प्रत्येक टप्पा पुढच्यासाठी जमीन तयार करतो आणि स्वतः हटतो. मग हे चरम समुदायापाशीच का थांबतं? त्याच्या सावलीत त्याचीच रोपं वाढतात म्हणून, असं उत्तर मिळतं. पण खालची माती तर बदलतच राहणार ना?

शिवाय यातल्या काही टप्प्यांना शेकडो वर्षं लागतात. एवढी वर्षं बसून पाहिलं कोणी?

परीक्षेपुरतं उत्तर नकोय. कोणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याची गोम त्यातच आहे. सहसा कोणी बसून पाहत नाही. वेगवेगळ्या वयाच्या जागा एकाच वेळी पाहतात आणि त्यांचा क्रम लावतात. घरातल्या चार पिढ्यांचा एक फोटो बघून एकाच माणसाचं आयुष्य रचावं, तसं.

अलास्कातला ग्लेशियर बे हे याचं गाजलेलं उदाहरण. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरची मोहीम तिथे पोचली तेव्हा हिमनदीचा बर्फ जवळजवळ खाडीच्या तोंडापर्यंत होता. नंतर तो सुमारे १०० किलोमीटर मागे सरकला. त्यामुळे तोंडाजवळची जमीन सर्वांत जुनी, बर्फालगतची सर्वांत नवी. तिथून आधी बुटकी झुडपं, मग आल्डर या झुडपाचं दाट रान, मग स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं जंगल असा क्रम पुस्तकांत गेला. पण १९९५ मध्ये संशोधक फास्टी यांनी झाडांची वलयं तपासून दाखवलं की जुन्या जागांवर स्प्रूस सुरुवातीलाच आला होता आणि नव्या जागांसारखं आल्डरचं रान तिथे माजलंच नव्हतं. बी देणारी झाडं किती लांब आहेत, यावर बरंच अवलंबून होतं. म्हणजे वाट एक नव्हती, फोटोत ती एक दिसली.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. 'चरम' ही कल्पना वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये जोरात मांडली. त्यांच्या लेखी समुदाय हा जणू एक सजीवच, जन्मतो आणि प्रौढ होतो. दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ ग्लीसन यांनी १९२६ मध्ये उलट म्हटलं: प्रत्येक जात आपापल्या कुवतीने आणि योगायोगाने तिथे पोचते. माझं मत विचाराल तर पाठ्यपुस्तकं अजून क्लेमेंट्स यांच्यातच रमलेली आहेत. 'जमीन तयार करणं' हा तर अनेक मार्गांपैकी एक. आधी आलेली वनस्पती नंतरच्यांना अडवूनही धरते.

आता माती. तुमची शंका रास्त आहे, ती थांबत नाही. कोवळ्या लाव्हावर नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नसतं. ते हवेतून, जिवाणूंमार्फत हळूहळू साठतं. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उलट. ते खडकातून येतं आणि लाखो वर्षांत झिजून, वाहून, मातीत अडकून कमी होत जातं. हवाई बेटांच्या मालिकेत हे छान दिसतं: तरुण बेटावर झाडांना नत्राची टंचाई, सुमारे ४० लाख वर्षं जुन्या कौआईवर स्फुरदाची. तिथे थोडंफार स्फुरद मध्य आशियातून उडत आलेल्या धुळीतून मिळतं! अशी भर अपुरी पडते तिथे जुनं जंगल खुरटत जातं.

धागाकर्ता

हे कुठेच वाचलं नव्हतं, आभार. मग वणव्याने घड्याळ पुन्हा शून्यावर येतं का?

प्रतिसाद २

झाडांचं येतं, मातीचं नाही. राखेतून स्फुरद काही काळ सहज मिळतं, पण एकूण साठा वाढत नाही. त्यासाठी ताजा खडकच उघडा पडावा लागतो: दरड, हिमनदी किंवा ज्वालामुखी. म्हणून जळालेल्या जंगलात काय उगवेल हे विचारताना आधी तिथली जमीन किती जुनी आहे ते बघा.