यंदा घरात नाताळ करायचा का नाही (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

शैला काकू: सगळ्यांनी एकदाच काय ते क्लिअर सांगा, यंदा स्टार लावायचा का नाही. आईंना जाऊन अजून पाच महिने पण नाही झाले, वर्षाच्या आत सण करत नाहीत म्हणून शेजारचे पण बोलतायत, आणि घरोघरी नाताळची गाणी म्हणणारी कॅरोलवाली पोरं काल विचारून गेली यायचं का म्हणून, मी काय सांगू त्यांना

मोठी आत्या: नाही म्हणून सांग. स्टार नाही, करंज्या नाहीत, काही नाही. चर्चला जाऊन यायचं बस

रोहन: आत्या पण आजीलाच सगळ्यात जास्त आवडायचं ना ते. पोरं किती पण उशिरा येऊ देत, चहा घेतल्याशिवाय कुणाला सोडायची नाही

मोठी आत्या: म्हणूनच नको म्हणते

प्रिया: काकू मी आत्ता ड्यूटीवरून आले, सगळं वाचलं. जरा लांब लिहिते, मनात खूप दिवसांपासून आहे. मी जिथं राहते ते जर्मनीतल्या हॅनोव्हरकडचं छोटं गाव, इथं सगळे लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटांमधला एक पंथ. चर्च जुनं दगडाचं, रविवारी वीसबावीस माणसं, तीपण बहुतेक म्हातारी. पाळकबाई एकच आणि त्यांच्याकडे आसपासची पण गावं, त्यामुळं दर रविवारी आमच्याकडे भक्ती नसतेच. तर आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, तो सुरू व्हायच्या आदल्या रविवारी इथं काय करतात माहितीय, वर्षभरात चर्चच्या मंडळीतलं जे जे कोण गेलं त्यांची नावं वेदीपुढं उभं राहून मोठ्यानं वाचतात, एकेका नावाला एक मेणबत्ती, घरचे लोक पुढच्या बाकावर बसलेले. मी आजीचं नाव लिहून दिलं होतं. पाळकबाईंनी आधी मला फोन करून उच्चार विचारून घेतला आणि नीट वाचलं, मी खूप रडले. आणि लगेच पुढच्या रविवारी, यंदा ३० नोव्हेंबरला, त्याच बाकांवर तीच माणसं आणि हिरव्या पानांच्या चक्रावर पहिली मेणबत्ती, दर रविवारी एक अशा चार. म्हणजे ज्यांच्या घरात माणूस गेलंय त्यांना बाजूला ठेवून सुरुवात होतच नाही

शैला काकू: बाई गं 😢 आईंचं नाव तिकडं वाचलं आणि तू आम्हाला सांगितलं पण नाहीस

रोहन: ते चार मेणबत्त्यांचं आपल्या चर्चमध्ये पण असतं की

प्रिया: हो रे, पण ते सुरू कुठून झालं ऐक. हॅम्बुर्गला योहान विखर्न म्हणून लुथरन धर्मशास्त्री होते, त्यांनी १८३३ मध्ये गरीब, बेवारस पोरांसाठी घर काढलं. पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी. मग १८३९ मध्ये त्यांनी बैलगाडीचं असतं तसं लाकडी चाक टांगलं, त्यावर रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि बाकीच्या दिवसांच्या २० छोट्या लाल, रोज एक लावायची. म्हणजे ज्या पोरांना धड घर नाही त्यांना वाट बघता यावी म्हणून ते केलेलं, सजावट म्हणून नाही. आणि इथं वेदीवर या दिवसांत जांभळं कापड असतं, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात असतं तेच. आत्या, म्हणून मला वाटतं आगमनकाळ हा सण नाहीच, सण २५ ला. हे दिवस दुखवट्याच्या घराला सगळ्यात जास्त शोभतात

मोठी आत्या: तू लिहितेस ते पटतंय गं पण लोक नावं ठेवतील. आईला जाऊन वर्ष नाही आणि यांच्याकडे पेटी तबला म्हणतील

रोहन: आपल्याकडं डिसेंबर म्हणजे सेल, स्पोर्ट्स, केक, आणि टेम्पोवर स्पीकर लावून कॅरोल, एका रात्रीत जुळे सोलापूर ते रेल्वे लाइन्स. एका घरात पाच मिनिटं, वर्गणीचं पाकीट की पुढचं घर. यात वाट बघायला टाइम कुणाला आहे. मला पण नाही आवडत ते आता

प्रिया: इथं बघ ना, १ तारखेपासून रोज संध्याकाळी एका घरापुढं जमतात. ज्याची पाळी त्यानं एक खिडकी सजवायची, त्यावर तारखेचा आकडा. चार वाजता अंधार पडलेला असतो, थंडी म्हणजे काय सांगू. दहाबारा माणसं अंगणात उभी, दोन गाणी, एक छोटा पाठ, गरम काहीतरी प्यायला, अर्ध्या तासात घरी. आत पण बोलवत नाहीत त्यामुळं घर आवरायचं टेन्शन नाही. मी काम करते त्या वृद्धाश्रमाची पण एक तारीख असते, गावातली पितळी वाद्यंवाली मंडळी बाहेर लॉनवर वाजवतात आणि आम्ही आज्यांना खिडकीशी आणून बसवतो. खरी मेणबत्ती आत लावू देत नाहीत, आगीचा नियम, बॅटरीची लावतो. एका आजीला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही पण गाण्याची सगळी कडवी पाठ. आणि पहिल्या रविवारची दानपेटी उपाशी लोकांसाठी, ती देशभरची मोहीम १९५९ पासून चालूय

शैला काकू: हे आपण करू शकतो की. अर्धा तास म्हणजे काहीच नाही, आणि आतलं आवरायचं नाही म्हटल्यावर कोण पण हो म्हणेल 😄

रोहन: मी यूथवाल्यांशी बोलतो. पण मला वाटतं सगळ्यांची पाळी नको लावायला, ज्यांच्याकडं यंदा कोण गेलंय अशाच घरी जाऊ आधी. आपल्या मंडळीत अशी चारपाच घरं आहेत, कॅरोल पार्टी त्यांच्या दारावरून गुपचूप पुढं जाते, त्या लोकांना आत बसून आवाज ऐकू येत असणार ना

मोठी आत्या: येतो ऐकू. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, गेले त्या वर्षी मी लाइट बंद करून बसले होते

रोहन: हे आम्हाला माहीतच नव्हतं आत्या

तात्या: सगळे मेसेज वाचले. दुखवटा माझा आहे तर मी सांगतो. तुमच्या आईनं पंचेचाळीस वर्षं त्या पोरांना चहा दिला, तिच्या नावानं दार बंद ठेवायचं नाही. कॅरोलवाल्यांना या म्हणा. स्टार २४ ला संध्याकाळी लावा, आधी नको. लोकांना काय बोलायचं ते माझ्यासमोर येऊन बोलू दे. ना. वा. टिळकांची भजनं म्हणा, ती तिला पाठ होती.

मोठी आत्या: ठीक आहे तात्या

शैला काकू: मग पहिली संध्याकाळ आपल्याकडंच ठेवू, येत्या शनिवारी. शुक्रवारी पाणी येणार आहे त्यामुळं भांड्यांची काळजी नाही, चहा मी करते, आत्या तुम्ही शंकरपाळी आणा, ते काय फराळ म्हणून नाही, चहाबरोबर

मोठी आत्या: आणते. कमी साखरेची करते, तात्यांना चालेल अशी

प्रिया: मी व्हिडिओ कॉलवर येते, तुमचे साडेसात म्हणजे माझे दुपारचे तीन, ड्यूटी चारला आहे

रोहन: पेटी मी आणतो, तबल्याला कुणाला तरी पकडतो. स्पीकर नाही. उद्या चर्च सुटल्यावर त्या बाकीच्या घरी मी आणि आत्या जाऊन विचारून येतो, फोनवर नको विचारायला

मोठी आत्या: हो, मी येते तुझ्याबरोबर. आधी विजापूर रोडच्या घरी जाऊ, त्यांचा मुलगा गेलाय, तिथं मी बोलते