मदत हवी आहे: घशाच्या कॅन्सरनंतर बाबांचा त्रास डॉक्टरांपर्यंत कसा पोचवावा?

नमस्कार मंडळी. बाबांना स्वरयंत्राचा कॅन्सर होता. रेडिएशन आणि केमो पूर्ण झालंय, स्कॅनही चांगला आलाय. पण माणूस पार मिटून गेलाय. तोंड सतत कोरडं, लाळ चिकट. भाकरी तर सोडाच, वरणभातही ताकाच्या घोटाबरोबर उतरतो. ठसका लागतो म्हणून आमच्यासोबत जेवायला बसत नाहीत. फोन वाजला की आईकडे देतात. आणि ओपीडीत विचारलं की मान हलवून "बरं आहे"! तिथे गर्दी इतकी, की पुढचं कोणी विचारत नाही.

ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची, रुग्णाचा त्रास आणि रोजचं जगणं टिपणारी प्रश्नावली वाचण्यात आली: ३० प्रश्नांची सर्वसाधारण आणि डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी वेगळी ३५ प्रश्नांची. गेल्या आठवड्यात घरच्यांसमोर जेवायला, फोनवर बोलायला त्रास झाला का, हे त्यात थेट विचारतात. उत्तर रुग्णाने स्वतः द्यायचं, 'अजिबात नाही' ते 'खूप'. बाबांना बोलायला लागणार नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोणी आपल्या माणसाकडून ती मराठीत भरून घेतली आहे का? डॉक्टरांनी ती बघून काही बदललं का? पुणे-सातारा भागात गिळण्याचे आणि आवाजाचे व्यायाम घेणारे चांगले स्पीच थेरपिस्ट कोण? शिवाय, यातून गेलेलं कोणी बाबांशी व्हॉट्सअ‍ॅपवर, लिहूनच, गप्पा मारेल का? आमचं ते ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतील. कृपया कळवा.