पद्मिनीची वॉटर बॉडी वर्षभरही टिकत नाही, चांगली कुठे मिळेल?

मिऱ्या_किनारा

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, बाबांनी घेतलेली. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मीच बघतो गाडीचं सगळं, आणि विकायचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. तर अडचण अशी की वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप, टिकतच नाहीये. मूळची होती ती २०२० पर्यंत चालली, मध्ये बाबांनी एकदा दुरुस्तीचं किट टाकलं असेल फार तर. त्यानंतर माझ्या हातून तीन झाल्या. पहिली अडीच वर्षं, दुसरी दीड वर्ष, आणि तिसरी गेल्या गणपतीत बसवली ती आत्ता मे महिन्यात गेली, म्हणजे वर्ष पण नाही.

आईला घेऊन कोल्हापूरला मावशीकडे निघालो होतो. पाली, नाणीज, साखरपा, तापमानाचा काटा मध्यावर एकदम शांत. आंबा घाट सुरू झाला आणि थोडं वर गेल्यावर पंख्याकडून खर्रखर्र आवाज यायला लागला, बघतो तर काटा लालच्या जवळ. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पुलीच्या मागे बॉडीच्या पोटाला जे बारीक भोक असतं तिथनं चहाच्या रंगाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. तासभर थांबलो, कॅपला हात लावला नाही, गाडी तापली की कॅप उघडायची नाही हे बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवलेलं. मग पाणी भरून उताराने हळूहळू साखरप्याला परत आलो आणि आईला एसटीने पाठवलं. सत्तरी पार केलेल्या बाईला घाटात उन्हात बसवून ठेवलं याचं फार वाईट वाटलं मला.

घरी येऊन बॉडी उतरवली. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, पत्र्याचा निघाला. पात्या कडेने उंदराने कुरतडल्यासारख्या, एक तर अर्धीच राहिलेली, अंगठ्याने दाबली तर वाकली. शाफ्ट धरून हलवला तर टकटक वाजतो. इथल्या दुकानात विचारलं तर म्हणतात हीच येते, घ्यायची तर घ्या. एकाने इलेक्ट्रिक पंप लावायचा सल्ला दिलाय. पैशाचा प्रश्न नाही, पण एकदा बसवली की पाच-सात वर्षं बघायला लागू नये अशी बॉडी मिळते का कुठे? रेडिएटर गेल्याच वर्षी रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतलाय, पाणी घरच्या विहिरीचंच घालतो, थोडं मचूळ आहे पण त्यात कचरा वगैरे काही नसतो.

अँबी_चिपळूण

माझ्याकडे अँबेसेडर आहे, जुन्या १४८९ सीसी इंजिनची, पण पंपाची गोष्ट तीच, पंखा पंपाच्याच शाफ्टवर बसतो. माझ्या दोन बॉडी गेल्या तेव्हा कळलं की चूक बॉडीची नव्हती, माझी होती. पट्टा जरा चिरचिरला की मी डायनामोचा बोल्ट सैल करून तो ताणायचो, आणि घट्ट म्हणजे अगदी तारेसारखा घट्ट. पट्टा जेवढा ओढणार तेवढं बेअरिंग एका बाजूला खाणार. दोन पुलींच्या मध्ये जिथे पट्ट्याचा लांब भाग असतो तिथे अंगठ्याने दाबून बघा, साधारण अर्धा इंच दबायला हवा. दुसरं म्हणजे पंखा. कधीतरी मेकॅनिकने पंख्याला धरून इंजिन फिरवलेलं असतं, एखादी पाती किंचित वाकते, आपल्या लक्षात पण येत नाही. मी पंखा काढून मधल्या भोकात गुळगुळीत सळई आडवी घालून तिच्यावर टांगला आणि सोडला, तर दर वेळी तीच पाती खाली येऊन थांबायची, म्हणजे तेवढी बाजू जड. असा पंखा घाटात जोरात फिरला की बेअरिंगला दर फेऱ्याला धक्का बसतो, मग शाफ्ट हलतो, मग शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील उघडं पडतं आणि तुमच्या त्या भोकातनं पाणी. ते भोक मात्र चुकूनही एमसील लावून बुजवू नका, मी एका ठिकाणी बघितलंय, पाणी सरळ बेअरिंगमध्ये गेलं आणि परशुराम घाटात पंखा रेडिएटरमध्ये घुसला.

ताडदेवचा_मिस्त्री

मी मूळ संगमेश्वरचा, ३० वर्षं ताडदेवला टॅक्सीचं काम केलं, आता गावी असतो. आधी मालाचं सांगतो. पद्मिनी बनायची कुर्ल्याला आणि माल पण जास्त करून कुर्ल्यातच मिळायचा, कारण मुंबईत टॅक्सी भरपूर होत्या, बनवणाऱ्याला खप होता. गाडी २००० च्या आसपास बंद झाली, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली, टॅक्सीला २० वर्षांची मुदत, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात ती उतरली. तेव्हापासून दुकानदार हा माल फारसा भरून ठेवत नाहीत, जे येतं ते कोणीतरी स्वस्तात पत्रा ठोकून बनवलेलं. जुना न वापरलेला माल कुर्ल्याला एखाद्या कपाटात निघेल अजून, पण तो पण बघून घे, वीस वर्षं पडून राहिलेल्या सीलचं रबर कडक झालेलं असतं.

आता मुद्द्याचं. तू शेवटी सहज लिहिलंस ना की पाणी मचूळ आहे, तुझ्या बॉडी तिथेच जातायत. पद्मिनीचा ब्लॉक लोखंडी, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन धातू एकाच पाण्यात आणि ते पाणी खारट. बॅटरीत दुसरं काय असतं रे? पत्र्याचा इम्पेलर सगळ्यात पातळ, म्हणून तो आधी संपतो, पण आज इम्पेलर खाल्ला, उद्या हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाईल, आणि हेड मिळणं बॉडीपेक्षा कितीतरी कठीण आहे. शिवाय त्या क्षारांची बारीक कचकच सीलच्या कार्बनवर घासते, वर्षात त्याला चर पडतात. टॅक्सीवाले म्युन्सिपालटीचं गोडं पाणी घालायचे तरी गंज चढायचा, मग मिऱ्याच्या विहिरीला काय बोलायचं.

हिरवं कूलंट आण, इथिलीन ग्लायकॉलवालं, जुन्या पितळी रेडिएटरला चालेल असं विचारून घे, आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं कर. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला असं लोक म्हणतात, पण आपल्याला ते त्यातल्या गंज रोखणाऱ्या औषधासाठी हवंय. निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू पण १०० वरनं १०७ च्या आसपास जातो, तो घाटात फायदाच. औषध संपत जातं, तेव्हा दोन वर्षांनी सगळं काढून नवीन भरायचं. त्याआधी ब्लॉकचा खालचा प्लग उघडून आतला सगळा लाल चिखल धुऊन काढ, नुसता रेडिएटर रिकामा करून उपयोग नाही. आणि कोणी गळतीसाठी हळद टाकली असेल तर ती पण निघेल. हळद घाटातनं घरी पोचायला ठीक, आम्ही पण टाकलीय, पण दुसऱ्या दिवशी धुवायला लागते.

लेथवाला_लांजा

मिस्त्रीकाकांशी शंभर टक्के सहमत. मला एकच विचारायचंय, २०२० ला काढलेली मूळची बॉडी टाकून तर दिली नाहीत ना? ती असेल तर नवीन शोधूच नका. जुनी कास्टिंग जाड असते, फेस (जोडणीचा सपाट भाग) सरळ असतो, तीच भरून घ्या, म्हणजे आतलं बेअरिंग आणि सील नवीन बसवून घ्या.

भरताना काय बघायचं ते सांगतो. या बॉडीत बेअरिंग आणि शाफ्ट शक्यतो एकत्रच येतात. दोन प्रकार मिळतात, एकात दोन्हीकडे छर्रे (गोल गोळ्या), दुसऱ्यात एकीकडे छर्रे आणि एकीकडे रोलर. रोलरवालं मापात मिळालं तर तेच घ्या आणि रोलर पुलीच्या बाजूला येऊ द्या, पंख्याचं आणि पट्ट्याचं सगळं ओझं तिकडेच असतं. जुन्या बेअरिंगवर नंबर असतो, तो वाचता आला तर निम्मं काम झालं, नाहीतर शाफ्टची जाडी, बाहेरचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने घ्यायची. बसवताना बॉडी गरम करून बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर प्रेस मारायचा. शाफ्टवर हातोडी मारणारा कारागीर दिसला तर बॉडी उचलून घरी या, छर्ऱ्यांचे खड्डे तिथेच पडतात आणि सहा महिन्यांत आवाज सुरू होतो.

इम्पेलर ओतीव लोखंडाचाच हवा. जुना ठीक असेल तर तोच साफ करून घ्या, खाल्लेला असेल तर कोल्हापूरला उद्यमनगरात नमुना देऊन ओतून मिळतो, मी एका जीपचा तसा करून आणलाय. पात्या आणि समोरचा फेस यात अर्धा ते एक मिलिमीटर फट, फिलर गेजने मोजून. फट मोठी राहिली तर गाडी सपाटीला ठीक चालते आणि चढाला तापते, कारण पाणी पुढे न जाता आतच घुसळत राहतं. पैसे बाजारच्या बॉडीपेक्षा थोडे जास्तच जातील.

खाडीकाठ_मालवण

आमच्याकडे म्हणतात तसं, पयला पाणी बघ, मगे पंपाक दोष दी.

एक अजून बघा, इंजिनची अर्थ केबल, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी वायर. समुद्राजवळ तिची टोकं हिरवी पडतात, मग करंट पाण्यातनं वाट काढतो आणि धातू अजून जोरात खातो. कूलंट भरल्यावर मल्टिमीटरची एक पिन रेडिएटरच्या पाण्यात, धातूला न लावता, दुसरी बॅटरीच्या मायनसला, इंजिन चालू, हेडलाइट चालू. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ नवीन करा. माझ्या गाडीत केबल बदलल्यावर आकडा लगेच खाली आला.

इलेक्ट्रिक पंपाच्या नादी नका लागू. पंखा बॉडीच्या शाफ्टवर आहे, म्हणजे पंखाही इलेक्ट्रिक करायला लागणार, आणि गाडीत डायनामो असेल तर ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत तो एवढा करंट देणार कुठून?

मिऱ्या_किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीकाका, तुमचं वाचून विहिरीवर जाऊन पाण्याची चव परत घेतली, लहानपणापासूनची सवय आहे म्हणून थोडं मचूळ म्हणालो, उन्हाळ्यात चांगलंच खारट असतं. जुनी बॉडी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली सापडली. इम्पेलर ओतीव आहे, पात्या पूर्ण आहेत, नुसता गंजाचा थर. शाफ्टवरचा नंबर घासून घासून शेवटचे दोन आकडे तेवढे दिसतायत, माप घेऊन पुढच्या आठवड्यात लांज्याला येतो. पंखा चिपळूणच्या दादांनी सांगितला तसा टांगून बघितला, एक पाती खरंच जड निघाली.

मिऱ्या_किनारा

तीन आठवड्यांनी लिहितोय. बॉडी भरून झाली, रोलरवालं बेअरिंग मापात मिळालं, फट पाऊण मिलिमीटर ठेवलीय. ब्लॉकचा प्लग उघडला तर आधी पाणी आलंच नाही, तार घालून खरवडल्यावर विटकरी रंगाचा घट्ट गाळ निघाला, जवळजवळ अर्धा तंब्या, मग बादल्यांवर बादल्या ओतल्या तेव्हा कुठे स्वच्छ पाणी यायला लागलं. पंखा सरळ करून घेतला, अर्थ केबल नवीन टाकली, मल्टिमीटरवर ०.०८ दाखवतं. पट्टा अर्धा इंच दबतो. एक शंका आहे, पहिल्या दिवशी गाडी फिरवून आणल्यावर त्या भोकातनं दोन थेंब आले. परत उतरवायची का?

ताडदेवचा_मिस्त्री

नको उतरवू. नवीन सीलची दोन तोंडं एकमेकांवर बसायला थोडा वेळ घेतात, पहिले एकदोन दिवस थेंबभर येतं. मात्र कूलंट भरायच्या आधी इंजिन चालू तर केलं नव्हतंस ना, कोरडं सील मिनिटभरात जळतं. रात्री गाडीखाली त्या जागी वर्तमानपत्र टाकून ठेव आणि सकाळी बघ, आठवडाभर.

मिऱ्या_किनारा

नाही काका, नाक चढावर उभं करून आधी पूर्ण भरलं, बुडबुडे थांबल्यावरच स्टार्टर मारला. पहिल्या सकाळी कागदावर एक डाग होता, दुसऱ्या सकाळी त्याहून लहान. आज चौथा दिवस, कागद कोरडा आहे. रविवारी आईला घेऊन आधी साखरप्यापर्यंत जाऊन येतो, काटा हलला नाही तर तिथनंच वर घाट.