डेडलिफ्ट सुरू करू का? वय ४१, बैठं काम, कंबर कुरकुरते

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी. वय ४१, वजन ८४. दिवसाचे नऊ तास खुर्चीत, जाता-येता दुचाकीवर धक्के. आठ महिन्यांपासून जिमला जातो. सोमवारी छाती, मंगळवारी खांदे, बुधवारी हात असं चाललंय. पायांचा दिवस आला की नेमकं कोणाचं तरी लग्न निघतं.

मागच्या महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना वाकलो, बादली उचलून जरासा वळलो आणि कमरेत कळ गेली. तीन दिवस आडवा. डॉक्टरांनी तपासलं. नस दबलेली नाही, स्नायू आखडला होता, आता व्यायाम सुरू करा म्हणाले. जिममधला एक मित्र म्हणतो डेडलिफ्ट कर, म्हणजे चकत्या लावलेला रॉड जमिनीवरून उचलून उभं राहायचं. ट्रेनर म्हणतो चाळिशीनंतर हात लावू नका, कंबर जाईल. कोणाचं ऐकू? आणि याचा खरंच काही उपयोग आहे, की नुसते रील काढायला बरं?

तर्री_पोहे
ट्रेनरचं ऐका. आमच्या ग्रुपमधला एक जण १०० किलो मारायला गेला आणि दोन महिने घरी बसला. पायासाठी लेग प्रेस आहे ना, बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन.

मनीषनगरवाला
तो किती दिवसांपासून करत होता?

तर्री_पोहे
तिसरा दिवस होता 😅

काठी_आणि_कंबर
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

दादा, तुमची बादली १५ लिटरची असेल तर ते १५ किलो झाले. घरचं भरलेलं सिलिंडरही तुम्हीच सरकवत असाल. १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच टाकीचं लोखंड, म्हणजे ३० किलोच्या घरात. डेडलिफ्ट तुम्ही रोज करताय, फक्त कोणी शिकवली नाही.

जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहायचं, एवढाच हा व्यायाम. मांडीचा मागचा भाग, नितंब, कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू, पाठ आणि हाताची पकड हे सगळं एका वेळी कामाला लागतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं यातलं बहुतेक झोपलेलंच असतं. लेग प्रेसमध्ये पाठीला टेकू असतो, त्यामुळे कण्याला धरून ठेवण्याचं काम तिथे शिकताच येत नाही. तुमचं दुखणं नेमकं तिथलं आहे.

आता भीतीबद्दल. पाण्याची कळशी कमरेवर घेतली की चालते, तीच हात लांब करून धरली की दोन मिनिटांत नको होते. रॉडचं तेच. तो नडगीला घासत वर आला पाहिजे. चार बोटं पुढे गेला की सगळा भार कमरेवर येतो. आधी रॉड सोडा, वाकायला शिका. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा, गुडघे किंचित सैल ठेवा आणि कुल्ले मागे नेऊन भिंतीला टेकवा. पाठीवर झाडूची काठी धरा. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. हे आठवडाभर करा, मग वजन.

पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कळ खाली उतरत गेली तर थांबून डॉक्टरकडे जा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी.

सक्करदरा_पैलवान
अबे भाऊ, कायले एवढा घाबरून राहिला? आम्ही पोरं होतो तवा आखाड्यात जोर-बैठका, मुद्गल, अन् माती खोदाले फावडं. फावडं म्हणजे काय, वाकून उचलणंच ना? कोणाची कंबर गेली नाई. आमच्याइकडे व्यायामाले कमी नाई बाप्पा, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हाय. पण एक सांगतो, वस्ताद पयल्या दिवशी मोठा मुद्गल हातात देत नव्हते. महिनाभर नुसता लहान. तुमच्या जिमात तिसऱ्या दिवशी १०० किलो कोणी उचलू देल्ले ते सांगा मले.

तर्री_पोहे
काका, ट्रेनर तेव्हा मोबाईलवर होता.

धरमपेठची_आई
मी ५४ ची. पाळी थांबल्यावर हाडांची घनता तपासली तर कमी निघाली. गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी वजनाचा व्यायाम सांगितला. हाडावर भार आला की ते घट्ट होतं, नुसतं फुटाळा तलावावर फिरून पुरत नाही म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही मोठ्यांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा असं आहे. मी एका केटलबेलवर (कडी असलेला लोखंडी गोळा) सुरू केलं, आता ३० किलो उचलते. हाडं किती सुधारली ते पुढच्या तपासणीत कळेल. पण नातवाला जमिनीवरून उचलताना आता "अगं आई गं" निघत नाही, हे माझ्या सुनेनेच मला सांगितलं.

मला बीपी आहे, म्हणून डॉक्टरांनी श्वास रोखून धरायला मनाई केली आहे. उचलताना सोडते. ज्यांना बीपी आहे त्यांनी हे आधी विचारून घ्या.

रॉड_आणि_चकत्या
कोणी न सांगितलेली गोष्ट सांगतो. प्रमाणित ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो. त्याच्या मोठ्या चकतीचा व्यास ४५ सेंमी, म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर राहतो. आपल्याकडच्या गल्लीतल्या जिममध्ये ५-१० किलोच्या चकत्या लहान असतात, त्यामुळे रॉड पार घोट्याशी जातो. नवा माणूस तिथपर्यंत पोचायला पाठ गोल करतो आणि मग डेडलिफ्टला शिव्या. दोन्ही बाजूंना चकत्या किंवा लाकडी ठोकळे ठेवून रॉड वर घ्या. आणि रॉडचं वजन विचारून घ्या, काही ठिकाणी तो १० किलोचाच असतो. मग हिशेबच चुकतो.

बूट सपाट तळाचे. धावायचे गुबगुबीत बूट नकोत, त्यापेक्षा अनवाणी बरं. मे महिन्यात हात घामाने निसटतात, टॉवेल ठेवा. चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) चालत असेल तर उत्तम, आमच्याकडे फरशी खराब होते म्हणून बंदी आहे. रॉडला गुंडाळायचे मनगटाचे पट्टे लगेच बांधू नका, पकड कमावायची हीच संधी.

पाचाचे तीन सेट, म्हणजे सलग पाच वेळा उचलायचं, असं तीनदा. आठवड्यातून एकदाच. सगळ्या वेळा नीट उचललं तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. बस. खांदे-हाताचा एक दिवस कमी करा, काही बिघडत नाही.

मनीषनगरवाला
सहा आठवड्यांनी कळवतो आहे. पहिला आठवडा नुसती भिंत आणि झाडू. बायकोला वाटलं घरकामाला लागलो. मग रिकामा रॉड ठोकळ्यांवर. काल ४५ किलो, पाचाचे तीन सेट. तिसऱ्या आठवड्यात जोशात एकदम दहा किलो वाढवले, पाठ गोल झाली, दुसऱ्या दिवशी कंबर धरली. पुन्हा मागे आलो. कूलर आताही मीच भरतो, फक्त बादली अर्धी, आणि वळायचं ते पायांनी.

ट्रेनरला व्हिडिओ दाखवला. म्हणाला, "सर, गुडघे थोडे जास्तच वाकतात." म्हणजे येतं त्याला! आता मित्र म्हणतो कमरेचा बेल्ट घे. घेऊ का?

काठी_आणि_कंबर
४५ किलोला? नको. गुडघ्यांबद्दल मात्र ट्रेनर बरोबर बोलतोय, बाजूने काढलेला व्हिडिओ इथे टाका.