'हलकं कोलोन' म्हणजे मंद वासाचं की स्वस्तातलं?

उपओळ:
एका डिटेक्टिव्ह सिरीजची सबटायटलं करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडून बसलेय. सीन साधा आहे, इन्स्पेक्टर बाई खोलीत येतात, मृतदेहाकडे बघायच्या आधीच नाक मुरडतात आणि म्हणतात की इथे कुणीतरी चीप कोलोन लावून आलं होतं. मी लिहिलं, "कुणीतरी हलकं कोलोन लावून आलं होतं." तपासणाऱ्या मॅडमनी परत पाठवलं, शेरा असा की वास हलका होता तर बाईंनी नाक कशाला मुरडलं? अहो मला हलक्या दर्जाचं म्हणायचं होतं, हलकं कापड, हलकं लाकूड म्हणतो तसं. "स्वस्त" लिहिलं तर बाईंनी बाटलीवरची किंमत वाचल्यासारखं वाटतं. ओळीला ४२ अक्षरं मिळतात. सुचवा.

निवांत:
हलक्या प्रतीचं. पुढचा प्रश्न.

उपओळ:
@निवांत बाई वैतागून बोलतायत हो, गोदामाचा पंचनामा करत नाहीयेत.

जुनी_वही:
हलकं लाकूड म्हणजे मी तरी वजनाला हलकं समजले असते, पण ते असू दे. गंमत अशी की आपण किंमत वजनात बोलतो, भारी कापड म्हणजे महागाचं, हलकं म्हणजे स्वस्तातलं, आणि हे बिनबोभाट चालतं कारण कापडाचं वजन कुणी मोजायला बसत नाही. पण ज्या वस्तूला स्वतःचाच कमीजास्तपणा असतो तिथे हलकं पटकन तिकडे पळतं. हलका निळा म्हणजे फिकट, स्वस्तातला निळा नव्हे. हलका पाऊस, हलका ताप, तसाच हलका वास. म्हणून तुमचं हलकं बाटलीला चिकटायच्या ऐवजी वासाला जाऊन चिकटलं. मॅडमचं बरोबर आहे.

अर्धविराम:
त्यात कोलोन मुळातच हलकं असतं. सुगंधी तेलाचं प्रमाण कोलोनमध्ये साधारण २ ते ५ टक्के, आफ्टरशेव्हमध्ये त्याहून कमी, बाकी बहुतेक अल्कोहोल आणि पाणी. तेव्हा 'हलकं कोलोन' म्हणजे 'थंड बर्फ'.

नाकपुडी:
@अर्धविराम हे बाटलीच्या मागचं झालं, पात्रं असं बोलत नाहीत. अमेरिकन सिरीयलमध्ये पुरुषाने अंगाला लावलेलं काहीही असो, ते कोलोनच. ब्रिटिश सिरीयलमध्ये तोच माणूस तीच बाटली लावेल आणि तिला आफ्टरशेव्ह म्हणतील, त्याने दाढी राखलेली असली तरी. आणि परफ्यूम मात्र बायकांचं, कारण पुरुषाला परफ्यूम लावतो म्हटलेलं चालत नाही. तेव्हा सिरीज कुठली आहे ते आधी सांगा. मी तर दोन्हीकडे सरळ 'सेंट' लिहिते.

शुद्धमती:
सेंट का म्हणून? कोलोन का म्हणून? मराठीत क्षौर हा उत्तम शब्द आहे, त्यावरून आफ्टरशेव्हला 'क्षौरोत्तर' हा प्रतिशब्द सहज होतो. कोलोनला 'गंधजल'. आपण वापरलेच नाहीत तर रुळणार कसे?

काना_मात्रा:
क्षौरोत्तर हे मरणोत्तरसारखं ऐकू येतं ओ, मेल्यावर दिला जाणारा पुरस्कार वाटतो. आणि दाढीनंतरचं असं अर्थात बांधलंत की फसलात. 'होम अलोन' आठवा, १९९० चा, त्यातला पोरगा वडिलांसारखं आफ्टरशेव्ह गालांवर थापतो आणि हात गालांवर तसेच ठेवून किंकाळी फोडतो. आठ वर्षांचं पोर, दाढीचा पत्ता नाही, त्याला कसलं आलंय क्षौर आणि कसलं उत्तर! विनोदच मुळी त्यात आहे.

शुद्धमती:
विनोद तर उलट खुलेल. दाढी नसताना क्षौरोत्तर लावलं की विसंगती शब्दातच दिसते.

काना_मात्रा:
शब्द उच्चारून होईपर्यंत पोराची किंकाळी संपलेली असेल.

मधलीसुट्टी:
विषयांतराबद्दल माफी पण 'कोलोन' की 'कोलन'? आमच्या लहानपणी घरात 'कोलनवॉटर'च म्हणायचे, ताप आला की कपाळावर त्याच्या घड्या. जुन्या सिनेमात पण असायचं, हिरो बेशुद्ध, उशाशी बाटली. मला कितीतरी वर्षं ते औषधच वाटायचं आणि मग एका इंग्रजी पिक्चरमध्ये हिरो डेटवर जाण्याआधी कोलोन लावतो म्हटल्यावर मी शेजारच्याला विचारलं होतं, याला ताप आलाय का?

जुनी_वही:
@मधलीसुट्टी हसले 😀 पण तुम्ही फार चुकला नव्हता, सुरुवातीच्या काळात ते औषध म्हणूनही विकलं जायचं. फारिना नावाच्या इटालियन कुटुंबाने १७०९ मध्ये कोलोन शहरात धंदा थाटला आणि पाण्याला गावाचं नाव पडलं. जर्मनमध्ये 'क्योल्निश वासर' म्हणजे कोलोनचं पाणी, तेव्हा तुमचं कोलनवॉटर शब्दशः अचूक आहे. आणि गावाचं नाव लॅटिन 'कोलोनिया'वरून, म्हणजे वसाहत. कोलोन आणि कॉलनी हे एकाच शब्दाचे दोन तुकडे!

निवांत:
म्हणजे शुद्धमतींच्या हिशोबाने कोलोनला 'वसाहतजल'.

अर्धविराम:
मी मात्र कोलोनच लिहीन, मधला स्वर दीर्घ. कोलन हा विरामचिन्ह आहे (आपला अपूर्णविराम) आणि मोठं आतडंही. एका सबटायटलात मी स्वतः वाचलंय, "तुझ्या कोलनचा वास मला आवडतो." नंतर जेवण गेलं नाही.

नाकपुडी:
सेंट लिहा म्हटलं ना! त्यात मूळ इंग्रजी शब्दाला आधी सी नव्हताच, 'सेंतिर' या फ्रेंच क्रियापदावरून आलेला, सतराव्या शतकात उगाच कुणीतरी सी घुसवला. आपण देवनागरीत लिहितो तेव्हा तो आपोआप गळतो, म्हणजे आपलं स्पेलिंग जास्त शुद्ध 😌

उपओळ:
माझा प्रश्न चीपचा आहे 🙏 सिरीज अमेरिकन आहे. सेंट घेते. विशेषण द्या.

परिमळ:
भपकेबाज.
म्हणजे बघा, तोंडाला दारूचा भपका येतो तो वास, आणि लग्नात केला तो भपका म्हणजे नुसता देखावा. एकाच शब्दात वासही आला आणि उथळपणाही. दर्जा वेगळा सांगायची गरज उरत नाही.

जुनी_वही:
@परिमळ वा! मग 'दर्प' घ्या ना, त्याहून नेमका. सेंटचा दर्प म्हणजे नाकात बसणारा वास आणि दर्प म्हणजे घमेंडही. संस्कृतात दर्पचा मुख्य अर्थ गर्वच, पण कोशात कस्तुरी असाही अर्थ दिलेला आहे. मद बघा, मद म्हणजे माज आणि मृगमद म्हणजे कस्तुरी. माज करणाऱ्याच्या अंगाला वास येतो हे आपल्या पूर्वजांना माहीत असावं. माझी आपली एक समजूत आहे की हे सगळं माजावर आलेल्या प्राण्याच्या वासावरून सुरू झालं, हत्तीच्या गंडस्थळातून पाझरतो तोही मदच.

अर्धविराम:
समजूत छान आहे, पुरावा?

जुनी_वही:
हत्तीला विचारा.

काना_मात्रा:
दर्प मला चालणार नाही. दर्प घामाचा, फिनाईलचा, कोंदट खोलीचा. सेंटचा घमघमाट असतो. आणि इन्स्पेक्टर बाई 'दर्प' म्हणाल्या की खून राहिला बाजूला, त्या मराठीच्या प्राध्यापिका वाटतील.

परिमळ:
घमघमाट चांगल्या वासाचा. माझ्या कानाला तरी.

काना_मात्रा:
नाही हो, आमच्याकडे टोमणा म्हणून सर्रास, "काय घमघमाट सुटलाय, कुठे निघाली स्वारी?"

उपओळ:
थांबा, आता चौथा भाग बघितला. संशयित गडगंज श्रीमंत निघाला आणि त्याची बाटली भयंकर महागडी आहे! म्हणजे बाई चीप म्हणाल्या तेव्हा किंमत नव्हतीच बोलत, माणसाची अभिरुची काढत होत्या. आणि पुढे तो वकिलाकडून हेच वदवून घेतो की माझा सेंट चीप नाहीच, तेव्हा तो मी नव्हेच. आता मला असा शब्द पाहिजे जो पहिल्या भागात स्वस्त वाटेल आणि चौथ्यात वकिलाला धरता येईल.

निवांत:
हलका.

जुनी_वही:
अरे देवा, खरंच की. वकील म्हणेल आमच्या अशिलाचा सेंट भारी आहे.

शुद्धमती:
अशील बरोबर, पण सेंट नको. गंधजल भारी आहे.

उपओळ:
पण मग पहिल्या भागात नाक मुरडण्याचं काय? मॅडम पुन्हा तेच विचारणार. सध्या पाठवलंय, "कुणीतरी हलका सेंट फासून आलं होतं." 'फासून'मुळे भरपूर लावलाय हे कळेल, मग हलका म्हणजे मंद असं कुणी वाचणार नाही, अशी आशा.

नाकपुडी:
सेंट फासतात? फासायला तो चुना आहे का? सेंट मारतात.

मधलीसुट्टी:
फवारतात. 'फ्रेंड्स'मधला जोई दुकानात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांवर कोलोन फवारायची नोकरी करतो, तिथे मारतो म्हटलं तर पोलीस येतील.

काना_मात्रा:
आमच्याकडे शिंपडतात. सेंट शिंपडतात, आफ्टरशेव्ह चोपडतात.

परिमळ:
चोपडतात तेल. आफ्टरशेव्ह थापतात, तुम्हीच वर थापतो लिहिलंय.